दोनशे तीस फुटांवरून

देवपूर, धुळे
६ डिसेंबर २०२४

प्रिय जीवरामभाऊ,

जय जिनेंद्र. पाचोऱ्याच्या शाळेत चौथीला तुमचा पहिला नंबर आला आणि माझा दुसरा, ही गोष्ट तुम्ही साठ वर्षांत मला विसरू दिलेली नाही. आज त्या पहिल्या नंबराकडे काम पडले आहे.

माझा नातू अर्हम पुण्याहून नवा कॅमेरा घेऊन आला. लेन्स अंगालाच जोडलेली, काढता येत नाही. वजनाने हलका. पण झूम म्हणे साठपट! तो मला म्हणाला, "दादाजी, जीवरामआबांना सांगा, तुमची तोफ आता किल्ल्यावर ठेवून द्या." हे मी म्हटलेले नाही, त्याने म्हटले. राग आल्यास त्याच्यावर काढावा.

आमच्या दुकानाचे प्रेमराज दर आठवड्याला जळगावला येतात. त्यांच्याबरोबर कॅमेरा पाठवतो आहे. पंधरा दिवस ठेवून घ्या आणि तुमच्या मोठ्या कॅमेऱ्याशी ताडून बघा. मला एवढेच कळवा की दोनशे तीस फुटांवरून, भर दुपारी पण मांडवाच्या सावलीत, माणसाचा चेहरा ओळखू येईल असा निघेल का, आणि तो मोठा करता येईल का.

दुसरे, आमची नात चेलना दीक्षा घेते आहे हे तुमच्या कानावर आलेच असेल. सव्वीस वर्षांची आहे, सीए झाली आहे, घरात सगळ्यांनी दोन वर्षे समजावून पाहिले. आता तिच्या आईवडिलांनी आज्ञा दिली. रविवार, २ फेब्रुवारीला धुळ्यातच कार्यक्रम आहे, तिच्याबरोबर आणखी दोघी आहेत. आदल्या दिवशीच्या वरघोड्याचे, म्हणजे मिरवणुकीचे, फोटो तुम्हीच काढायचे. लताबाईंना घेऊन या.

तुमचा
हस्तीमल


पिंप्राळा, जळगाव
१९ डिसेंबर २०२४

श्री. हस्तीमलशेठ यांस,
जीवरामचा नमस्कार.

श्री. प्रेमराज यांनी कॅमेरा सुस्थितीत पोहोचविला. मी तो बारा दिवस वापरला. आपण विचारले आहे म्हणून लिहितो; अन्यथा दुसऱ्याच्या हत्याराविषयी मत देण्याची माझी पद्धत नाही.

माझा कॅमेरा मी २००९ साली घेतला. लेन्ससह त्याचे वजन अडीच किलो भरते. त्यातील सेन्सर जुन्या रोलच्या चौकटीएवढा आहे. आपल्या नातवाच्या कॅमेऱ्यातील सेन्सर करंगळीच्या नखाएवढा आहे. लहान सेन्सरमुळेच इतकी लांबची लेन्स इतक्या लहान नळीत बसविता येते. त्यामुळे एकाची दुसऱ्याशी तुलना करणे म्हणजे बैलगाडीची सायकलशी तुलना करणे होय. दोन्ही पोहोचतात. ओझे निरनिराळे असते.

आमच्या गच्चीवरून अर्ध्या किलोमीटरवर पाण्याची टाकी आहे. माझ्या कॅमेऱ्यात ती काड्यापेटीएवढी आली. नव्या कॅमेऱ्यात तिच्या शिडीचे गंजलेले बोल्ट मला मोजता आले. ते अकरा आहेत. हे मी मान्य करतो.

नंतर सूर्यास्ताच्या सुमारास सौ. लताबाई ओट्यावर मेथी निवडीत असता दोन्ही कॅमेऱ्यांनी त्यांचा फोटो घेतला. नव्या कॅमेऱ्यातील फोटो पाहून त्या म्हणाल्या, "हे मी कशाची! हे तं मेणाची बाहुली हाये. मह्या तोंडावरच्या रेघा कुठी गेल्या?" उजेड कमी पडला की हा कॅमेरा चेहऱ्यावरील बारकावे पुसून टाकतो आणि त्यास स्वच्छता समजतो. माझ्या कॅमेऱ्यात त्यांच्या सर्व रेघा जागच्या जागी आल्या. तो फोटोही त्यांस आवडला नाही, परंतु तो वेगळा विषय आहे.

आणखी दोन गोष्टी. माझ्या कॅमेऱ्यात आरसा आहे. त्यातून समोरचे जे आहे ते दिसते. नव्या कॅमेऱ्याच्या भोकास डोळा लावला असता आत एक लहानसा टीव्ही दिसतो. म्हणजे आपण माणूस पाहत नसून माणसाचे चित्र पाहत असतो. झूम पूर्ण लांबविल्यावर एक चेहरा दिसतो आणि आजूबाजूचे फारसे काही दिसत नाही. दुसरे असे की हा कॅमेरा आवाज करीत नाही. माझा आरसा उचलला जातो तेव्हा खट् असा आवाज होतो आणि समोरच्यास समजते की आपला फोटो निघाला. नव्यात ते समजत नाही. अर्हम यास हा गुण वाटत असावा. मी तो दोष मानतो.

आपल्या प्रश्नाचे उत्तर: दोनशे तीस फुटांवरून चेहरा ओळखू येईल. आठ बाय दहाच्या आकारापर्यंत बरा दिसेल.

आता माझा प्रश्न. वरघोड्यात मी दहा फुटांवर उभा राहतो. दोनशे तीस फुटांवर आपणांस कोणाचा फोटो हवा आहे? काम नातवाकडे सोपवावयाचे असल्यास स्पष्ट लिहावे. आडून सांगण्याची आवश्यकता नाही. मी चार फेब्रुवारीस एका लग्नाचे काम स्वीकारलेले आहेच.

आपला
जीवराम


देवपूर, धुळे
२६ डिसेंबर २०२४

जीवरामभाऊ,

जय जिनेंद्र. पत्र वाचून मी हसलो आणि मग हसणे बंद केले. तुमचे काम काढून अर्हमला द्यायचे माझ्या मनात असते तर परीक्षा घ्यायला कॅमेरा तुमच्याकडेच पाठवला असता का? चूक माझी आहे. मी अर्धे लिहिले. आता पूर्ण लिहितो, आणि हे पत्र वाचून फाडून टाका.

वरघोडा, मेंदी, ओवाळणी, सगळ्याचे फोटो चालतात. दीक्षेच्या दिवशी सकाळीही चालतात. पण एकदा का मुलगी वेश बदलायला आत गेली, की आमच्या संघात कॅमेरा बंद. केस उतरवून, पांढरे वस्त्र घालून, तोंडावर मुहपत्ती बांधून ती बाहेर येते. तेव्हापासून ती आमची चेलना नाही, साध्वीजी आहे. त्यांचा फोटो काढायचा नाही, घरात लावायचा नाही. मांडवाच्या दारात सगळ्यांचे मोबाइल जमा करून घेणार आहोत. ही नोटीस माझ्याच सहीने लागली आहे. मी संघाचा अध्यक्ष आहे.

आणि माझ्या घरात माझी सून राजकुंवर, चेलनाची आई, तीन आठवडे झाले एकच वाक्य बोलते आहे: "मला तिचा पांढऱ्या कपड्यातला एक फोटो पाहिजे." मी म्हटले, वरघोड्यात दागिने घालून नटलेली असेल, तो ठेव. ती म्हणाली, "नटलेली मला माहीत आहे. जी जाणार आहे ती मला माहीत नाही."



मैदानासमोर झुलालभाऊ यांचे तीन मजली घर आहे. आपल्या गावाकडचा माणूस, आमच्या समाजाचा नाही, कुणाला सांगणार नाही. त्याच्या गच्चीपासून दीक्षेच्या पाटापर्यंतचे अंतर मी स्वतः चालून मोजले. तेच दोनशे तीस फूट. अर्हमला वर पाठवणार नाही. तो मित्रांत बोलून बसेल. तुम्ही जाल का? मी अध्यक्ष म्हणून हे मागू शकत नाही. दुसऱ्या नंबराने पहिल्या नंबराकडे मागतो आहे असे समजा.

हस्तीमल


पिंप्राळा, जळगाव
२ जानेवारी २०२५

श्री. हस्तीमलशेठ यांस,
नमस्कार.

पत्र मिळाले. सूचनेप्रमाणे फाडले.

प्रथम तांत्रिक उत्तर. दुपारी बाराच्या सुमारास पांढऱ्या कापडाच्या मांडवात उजेड सर्व बाजूंनी मऊ येतो, तो पुरेसा असेल. गच्चीच्या कठड्यावर वाळूची लहान पिशवी ठेवून तीवर कॅमेरा टेकविल्यास हात हलणार नाही. माझ्या कॅमेऱ्याने हे काम होणार नाही. माझी लेन्स तेवढी पोहोचत नाही. नव्या कॅमेऱ्याने होईल.

आता दुसरे उत्तर. मी जाणार नाही.

मी इयत्ता चौथीनंतर शाळेत गेलो नाही. जे शिकलो ते पाचोऱ्याच्या स्टुडिओत, अंधाऱ्या खोलीत. तेथे माझ्या मालकांनी मला पहिल्या दिवशी सांगितले होते की बटण दाबण्यापूर्वी "बघा" म्हणायचे. माणूस बघत नसला तरी म्हणायचे. एकावन्न वर्षे मी म्हणत आलो आहे. मृत माणसाचा शेवटचा फोटो काढतानाही म्हटले आहे आणि त्यावर लोक हसले आहेत. दोनशे तीस फुटांवरून "बघा" म्हटलेले कोणास ऐकू जाणार नाही. जी मुलगी सर्व सोडून उठणार आहे, तिच्या नकळत तिचा चेहरा घेणे मला योग्य वाटत नाही. आपल्या संघाचा नियम मोडतो म्हणून नव्हे. तो नियम आपला आहे. हा माझा आहे.

चेलनास विचारावे. ती हो म्हणाली तर मी गच्चीवर काय, टाकीवरही चढेन.

वरघोड्यास येत आहे.

जीवराम


देवपूर, धुळे
११ जानेवारी २०२५

आदरणीय आबा,

राजकुंवरचा पाया पडून नमस्कार. आपण माझ्या लग्नात मला नवरीच्या जागी बसवून फोटो काढला होता, त्यानंतर मी आपल्याशी दहा वाक्येही बोलले नसेन. घरात फोनवर बोलले की चार कान असतात, म्हणून लिहिते.

बाबूजींनी आपले पत्र मला वाचून दाखवले. चेलनाला विचारायचे नाही, असे त्यांनी आणि मी ठरवले. का ते सांगते. दोन वर्षे आम्ही तिला अडवले. आता आज्ञा दिली आहे. आज्ञा दिल्यावर पुन्हा तिच्यासमोर पदर पसरून "एवढं तरी दे" म्हणायचे, म्हणजे तिला जाताना पायात काटा द्यायचा. ती "हो" म्हणाली तर तिचा नियम मोडेल. "नाही" म्हणाली तर आई रडते आहे हे घेऊन जाईल.

आपला नियम मोठा आहे. पण आबा, माझ्या घरात नियम सांगणारे पुष्कळ आहेत. सासरे सांगतात, संघ सांगतो, आता मुलगीही सांगते. आणखी एक जळगावहून कशाला?

मुलगी लग्न होऊन गेली तर येते. दिवाळीला येते, बाळंतपणाला येते. माझी येणार नाही. आली तरी मी खाली बसणार आणि ती पाटावर, आणि मी तिला हात लावेन पण जवळ घेता येणार नाही.

आपण येऊ नका. मी स्वतः गच्चीवर जाते. फक्त कोणते बटण कसे दाबायचे ते सोप्या भाषेत लिहून पाठवा. मी बी.कॉम. आहे, समजेल.

राजकुंवर


पिंप्राळा, जळगाव
१५ जानेवारी २०२५

चि. सौ. राजकुंवर यांस,
अनेक आशीर्वाद.

आपले पत्र मी दोन वेळा वाचले. दुसऱ्या वेळी सौ. लताबाईंना मोठ्याने वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, "तुमचं 'बघा' ठेवा खिशात. ते माय गच्चीवर गेली, तं पोरीचे केस कोन झेलीन?"

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्यांनी शेजारच्या जैन कुटुंबात पाहिली आहे. दीक्षेच्या वेळी उतरविलेले केस आई आपल्या पदरात घेते, असे त्या म्हणतात. हे खरे असल्यास आपण त्या वेळी खाली असणे आवश्यक आहे. आपल्या जागी दुसरे कोणी बसू शकत नाही. गच्चीवर मात्र आपल्या जागी दुसरे कोणी जाऊ शकते.

मी जाईन.

बटणांविषयी लिहीत नाही, कारण त्याची आता आपणांस गरज नाही. हस्तीमलशेठ यांस सांगावे की दीक्षार्थी कोणत्या क्रमाने उभ्या राहतील ते लिहून पाठवावे. केस उतरविल्यावर व तोंडावर वस्त्र बांधल्यावर त्या दुरून सारख्या दिसतील.

मी चेलनाशी बोलणार नाही असे वचन देत नाही.

जीवराम


पिंप्राळा, जळगाव
८ फेब्रुवारी २०२५

श्री. हस्तीमलशेठ यांस,
नमस्कार.

सोबत एक पाकीट आहे. त्यात आठ बाय दहाचा एक फोटो आहे. तो सौ. राजकुंवर यांच्या हाती द्यावा. वरघोड्याचे एकशे चाळीस फोटो अल्बमसह स्वतंत्रपणे पाठवीत आहे.

गर्दीत आपल्याशी बोलणे झाले नाही, म्हणून जे घडले ते लिहून ठेवतो.

एक तारखेस वरघोड्यानंतर चेलना आपल्या घराच्या मागील खोलीत दागिने उतरवीत बसली होती. मी शेवटचे चार फोटो घेतले. नंतर कॅमेरा खाली ठेवला आणि तिला सांगितले की उद्या समोरच्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून एक फोटो घेण्याचा विचार आहे. कोणासाठी ते सांगितले नाही. ती काही वेळ बांगड्या काढीत राहिली. मग म्हणाली, "आबा, उद्या तिथे जी बसेल तिची परवानगी मी आज कशी देऊ? ते तुम्ही तिलाच विचारा."

मी म्हटले, "तिला विचारता येणार नाही."

ती हसली. म्हणाली, "मग मलाही विचारता येत नाही." आणि मला पाणी प्यायला दिले.

याचा अर्थ होकार होतो असे मी म्हणणार नाही. नकार होतो असेही म्हणता येणार नाही. मी रात्रभर त्यावर विचार केला नाही, कारण मी सौ. राजकुंवर यांना शब्द दिलेला होता.

दोन तारखेस साडेअकरा वाजता झुलालभाऊंनी मला वर नेले. "आबा, जिना सांभाळी चढा. आठून बठ्ठं दिखस," असे ते म्हणाले आणि खरोखर सर्व दिसत होते. ते स्वतः खाली जाऊन दारात बसले, कोणी वर येऊ नये म्हणून.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिघी पांढऱ्या वस्त्रांत बाहेर आल्या. आपण पाठविलेल्या छापील पत्रिकेत वयाप्रमाणे क्रम दिला होता: समोरून पाहता उजवीकडून पहिली चेलना, मग दुसऱ्या दोघी. मी उजवीकडील पहिलीवर कॅमेरा रोखला, झूम पूर्ण लांबविली आणि हात जोडून त्या उभ्या राहिल्या तेव्हा नऊ फोटो घेतले. त्यांतील सर्वांत स्पष्ट निवडला, कडा कापून चेहरा मधोमध आणला आणि तो पाठवीत आहे. रंग थोडा थंड आला आहे. चेहरा लताबाईंच्या भाषेत मेणाचा आलेला नाही.

मी "बघा" म्हटले. आवाज झाला नाही.

कॅमेरा श्री. प्रेमराज यांच्याबरोबर परत करीत आहे.

जीवराम


देवपूर, धुळे
९ मार्च २०२५

आदरणीय आबा,

पाया पडून नमस्कार. महिनाभर उत्तर दिले नाही. आपण रागावला असाल. रागावून घ्या, पण आधी वाचा.

पाकीट आले तेव्हा बाबूजींनी फोटो पाहिला, डोळे पुसले आणि "ही घे तुझी चेलना" म्हणून माझ्या हातात दिला. मी घेतला, पाया पडले, खोलीत गेले.

तो चेलनाचा नाही, आबा.

तो पाचोऱ्याच्या विधी नावाच्या मुलीचा आहे. दीक्षा घेणाऱ्या तिघींतली एक. पत्रिकेत वयाप्रमाणे क्रम छापला होता, पण वेश बदलून आल्यावर दीक्षा देणाऱ्या महाराजसाहेबांनी विधीला पुढे घेतले. ती चार वर्षे साध्वीजींबरोबर राहून शिकलेली. जिला आधी दीक्षेचा पाठ दिला ती मोठी, मग वय काहीही असो. असे आमच्यात असते. बाबूजींच्या डोळ्यांसमोर झाले, पण त्यांचा मोबाइल त्यांच्याच नोटिशीने पेटीत पडलेला होता, आणि त्या गडबडीत गच्चीवरचा माणूस त्यांना आठवला नसेल. त्यांना अजून माहीत नाही. मी सांगितले नाही आणि आपणही सांगू नका. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी मी पहिल्यांदा समाधान पाहिले.

मला कसे कळले? मी पदर पसरून तिथे पाच फुटांवर बसले होते. विधीच्या डाव्या भुवईत खंड आहे.

आठ दिवस फोटो साड्यांच्या घडीत ठेवला. फेकवेना आणि पाहवेना. मग वाटले, ज्या आईचा आहे तिला तरी द्यावा. बहिणीकडे जाते असे सांगून पाचोऱ्याला गेले. विधीची आई ज्योतीबाई घरातच शिलाईचे काम करते. दीक्षेच्या दिवशी आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, ओळख तेवढीच.

फोटो हातात दिला. तिने चष्मा लावला. म्हणाली, "या कोण महाराजसाहेब?"

"तुमची विधी."

"थट्टा करता होय वहिनी! माझी एवढी मोठी कुठे दिसते?"

मी फोटोतल्या भुवईवर बोट ठेवले. ज्योतीबाई बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दुधाचं पातेलं. चार वर्षांची होती." आणि मशिनच्या स्टुलावर बसली.

मग विचारते, "पण हा तुमच्याकडे कसा? आणि तुमची कुठे?"

"तुमच्या विधीच्या शेजारी उभी होती. फोटोत आली नाही. हा कडेला पांढरा खांदा दिसतो ना, तो तिचा."

ती उठली, मशिनवरची कात्री घेतली, आणि मी "अहो, राहू द्या" म्हणेपर्यंत कड कापली. "घ्या," म्हणाली. "तुमचं तुम्हाला. फुकट कशाला माझ्याकडे?" असे म्हणून हसली.

ती पट्टी माझ्याकडे आहे. दोन बोटे रुंद. पांढरे कापड आणि त्याची एक घडी. आबा, मला आपल्याला दोष द्यायचा नाही. आपण नको म्हणत होतात, मीच भांडून वर चढवले. फक्त एक विचारायचे आहे. एवढी पट्टी मोठी करता येते का?

राजकुंवर


पिंप्राळा, जळगाव
१४ मार्च २०२५

चि. सौ. राजकुंवर यांस,
आशीर्वाद.

आपले पत्र काल सायंकाळी मिळाले.

चूक माझी आहे. कॅमेऱ्याची नाही, पत्रिकेची नाही आणि महाराजसाहेबांची तर मुळीच नाही. आदल्या दिवशी मी चेलनाचे एकशे चाळीस फोटो घेतले होते. दुसऱ्या दिवशी मी चेहरा पाहिला नाही. उजवीकडून पहिली, एवढेच पाहिले. भुवईतील खंड माझ्या पडद्यावर स्पष्ट दिसत होता. आज पाहिला तेव्हा तो नाकारता येण्यासारखा नाही. एकावन्न वर्षांत अशी चूक झाली नव्हती. आता झाली आहे असे मी लिहून देतो.

आपला प्रश्न: पट्टी मोठी करता येत नाही. कागदावर जे नाही ते मोठे केल्याने येत नाही. केवळ कापड मोठे होईल.

परंतु मी आपणांस पाठविलेला फोटो कडा कापलेला होता. मूळ फोटो रुंद असतो. चेहरा मधोमध आणण्यासाठी मी डावीकडचा भाग काढून टाकला होता आणि त्यात काय आहे हे पाहिलेही नव्हते. काल रात्री जेवण न करता मी नऊही मूळ फोटो उघडले. आठांत डाव्या कडेला केवळ पांढरा खांदा आणि कोपर आहे. नवव्यात विधीच्या शेजारी उभी असलेली साध्वी किंचित पुढे सरकलेली आहे. तिचा अर्धा चेहरा चौकटीत आला आहे: एक डोळा, अर्धी मुहपत्ती, आणि जोडलेल्या हातांपैकी एक.

या वेळी मी क्रमावर विश्वास ठेवला नाही. हाताच्या पाठीवर मेंदीचा वेल आहे. एक तारखेस माझ्या जुन्या कॅमेऱ्याने बांगड्या काढतानाचे जे चार फोटो घेतले होते, त्यांत तोच हात दहा फुटांवरून आलेला आहे. दोन्ही शेजारी ठेवून मी वेलाची पाने मोजली. मनगटापासून करंगळीपर्यंत सात पाने, पाचव्याचे टोक पुसलेले. दोन्हींत तेच. दोनशे तीस फुटांवरील हात थोडा धूसर आहे, तरी पुसलेले टोक ओळखू येते. तो चेलनाचा हात आहे, हे मी खात्रीने लिहितो.

सोबत हा फोटो पाठवीत आहे. कोणतीही कड कापलेली नाही. दोन प्रती आहेत. एक ज्योतीबाईंना द्यावी, कारण त्यांचा फोटो त्यांनी स्वतःच्या हाताने कापला आहे.

फोटो हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. हा फोटो मी चोरून घेतला असे मी दीड महिना समजत होतो. चौकटीत दिसणाऱ्या बाकी सर्वांच्या दृष्टी खाली आहेत. विधीची आहे, मागे बसलेल्या साध्वींची आहे, कडेला दिसणाऱ्या बायकांची आहे. चेलनाचा जो एक डोळा चौकटीत आला आहे, तो खाली पाहत नाही. तो सरळ वर, गच्चीकडे पाहत आहे.

यावरून मी कोणताही निष्कर्ष काढीत नाही. आपण आई आहात. आपण पाहावे.

जीवराम